पाटणादेवीच्या जंगलात अख्खा दिवस कसा घालवायचा, पोराबाळांसकट सगळी तयारी

चाळीसगावजवळ डोंगरात पाटणादेवीचं, म्हणजे चंडिकादेवीचं देऊळ आहे, तिथं आमच्याकडचा माणूस आयुष्यात कितीतरी वेळा जातो, नवस फेडायला जातो, लेकरांचं जावळ काढायला जातो, पावसाळ्यात मित्रांसोबत धबधबा बघायला जातो, आणि एवढं जाऊनही विचारलं की जंगलात काय दिसलं रे, तर म्हणतो काही नाही भाऊ, नुसती वानरं. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. देवळाच्या मागे तिन्ही बाजूंनी जे डोंगर उभे आहेत ते गौताळा औट्रमघाट अभयारण्याचे आहेत, २६० चौरस किलोमीटरचं जंगल, १९८६ साली अभयारण्य झालं, थोडं आपल्या चाळीसगाव तालुक्यात आणि जास्त वर कन्नड तालुक्याच्या बाजूला. बिबट्या आहे, अस्वल आहे, नीलगाय, रानडुक्कर, भेकर, कोल्हा, रानमांजर, आणि पक्ष्यांच्या तर दोनशेच्या वर जातींची नोंद आहे. एवढं सगळं असून दिसत का नाही, तर आपण तिथं जाऊन चालत राहतो आणि बोलत राहतो म्हणून.

माझे मामा पाटण्याकडच्या शिवारात गुरं चारायचे, लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या मागे मागे फिरायचो आणि सारखा विचारायचो मामा बिबट्या कुठंय, अस्वल कुठंय. ते म्हणायचे, "भाऊ, जंगल फिरीसन दिखत नही, बठीसन दिखस." म्हणजे जंगल फिरून दिसत नाही, बसून दिसतं. तेव्हा काही कळलं नाही, मला वाटायचं मामांना चालायचा कंटाळा. आता स्वतःच्या पोरीला घेऊन जायला लागलो तेव्हा पटलं. खाली जे सगळं लिहिलंय ते याच एका गोष्टीसाठी आहे, जागा धरून बसायचं कसं, त्यासाठी काय तयारी करायची, आणि बसल्यावर काय बघायचं, काय ऐकायचं.

कधी जायचं

पहिलं म्हणजे नवरात्रात जंगल बघायला जाऊ नका. तेव्हा दर्शनाला जा, गर्दीत जा, आरती करा, पण त्या दिवसांत जनावर त्या दरीत फिरकत नाही. मंगळवार, शुक्रवार आणि पावसाळ्यातले रविवार पण टाळा. साधा बुधवार-गुरुवार सगळ्यात भारी, सुट्टी टाकावी लागली तरी टाका.

महिन्यांचं म्हणाल तर जुलै ते सप्टेंबर सगळं हिरवंगार, केदारकुंड आणि धवलतीर्थ या दोन्ही धबधब्यांना पाणी असतं, फुलपाखरं, बेडूक, खेकडे, कोळ्यांची जाळी यांची नुसती रेलचेल, पण झाडोरा इतका दाट होतो की मोठं जनावर पाच हातावर असलं तरी दिसणार नाही. नोव्हेंबर ते जानेवारी थंडी, बाहेरून आलेले पक्षी असतात, सकाळ आरामात घालवता येते, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी याच दिवसांत जावं.

माझ्या मते मात्र खरा हंगाम फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. तेव्हा पानगळ झालेली असते म्हणजे लांबपर्यंत आरपार दिसतं, आणि पळस, पांगारा, काटेसावर हे तिघं फुललेले असतात. एका फुललेल्या काटेसावरीखाली अर्धा तास बसलं ना, तर मैना, बुलबुल, कोतवाल, हळद्या, पोपट, सूर्यपक्षी, खारी, सगळे आपोआप समोर येतात, तुम्हाला कुठंही जावं लागत नाही. त्या लालभडक फुलात मध असतो, त्यासाठी सगळी झुंबड, आणि मध खाता खाता कपाळाला पराग लागतो तो पुढच्या झाडावर जातो, पोरांना हे तिथंच दाखवता येतं.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो हे काही सांगायला नको. त्या दिवसांत जायचंच असेल तर पहाटे जा आणि ९ ला बाहेर पडा, लहान लेकरं नकोच. पाणवठ्याजवळ बसायचा मोह होतो पण तेव्हा जनावराला ते एकच पाणी असतं आणि तुम्ही तिथं ठाण मांडलं तर ते तहानलेलं माघारी जातं. म्हणून उन्हाळ्यात पाणवठ्यापासून लांब बसायचं, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

आदल्या रात्रीची तयारी

कपडे मातकट, खाकी, फिक्या हिरव्या रंगाचे. पांढरा शर्ट आणि लाल ओढणी लांबून चमकते. फुल पँट, आणि बूट पायात पाहिजेतच, चप्पल-सँडल नको, कारण तिकडे फुरसे हे विषारी साप आहेत आणि बोरी-बाभळीचे काटे आहेत. अत्तर, सेंट, उग्र वासाचं तेल काही लावू नका, मधमाश्यांना ते आवडत नाही, कारण पुढे सांगतो.

पाणी माणशी ३ लिटर धरा, उन्हाळ्यात जास्त. जेवायला आपलं खान्देशी माणसाचं बरं असतं, दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर, दिवसभर टिकतं आणि कुरकुरीत पाकिटांसारखा आवाज करत नाही. वेफर्सचं पाकीट उघडलं की पन्नास फुटांवरचं वानर मान वळवतं, अतिशयोक्ती नाही, बघून घ्या. डबे स्टीलचे, झाकण घट्ट, आणि सगळं पाठीवरच्या बंद बॅगेत, हातात पिशवी लोंबकळत ठेवायची नाही. आमची एकदा अशीच केळ्यांची पिशवी गेली, पोरगी इतकी घाबरली की पुढचा तासभर कडेवरून खाली उतरेना.

दुर्बीण असली तर छान, घ्यायची असेल तर ८ बाय ४२ लिहिलेली घ्या. त्यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंग मोठं म्हणजे पहाटेच्या कमी उजेडात पण स्पष्ट दिसतं. लोक २० पट, ३० पटवाली घेतात आणि मग हात हलतो म्हणून काहीच दिसत नाही, पैसे वाया. नसली दुर्बीण तरी अडत नाही. वही आणि पेन्सिल मात्र प्रत्येक पोराला वेगळी द्या, एकत्र एक वही दिली की भांडणं होतात. अजून बॅगेत टॉर्च, शिट्टी, मिठा-साखरेची पुडी किंवा ओआरएस, एक सुती पंचा, एक लांब चिकटपट्टी, आणि रिकामी पिशवी कचऱ्यासाठी.

मोबाईलवर मर्लिन नावाचं ॲप टाकून ठेवा, पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं, घरीच डाउनलोड करून ठेवायचं कारण दरीत रेंजचा भरवसा नाही. पण एक लक्षात ठेवा, त्यातून पक्ष्यांचे आवाज तिथं मोठ्याने वाजवायचे नाहीत. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, तो घरटं सोडून भांडायला येतो, दमतो, आणि तेवढ्यात अंडी-पिल्लं उघडी पडतात. ॲप ऐकण्यापुरतंच वापरा.

पोचायचं कसं

चाळीसगाव जंक्शनला मुंबई-भुसावळ लाइनवरच्या बऱ्याच गाड्या थांबतात, धुळ्याकडून यायचं तर धुळे-चाळीसगाव गाडी आहे. तिथून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. एसटीची वेळ आदल्या दिवशी स्टँडवर विचारून घ्या, पण खरं सांगायचं तर पहाटेचं जंगल पाहिजे असेल तर स्वतःची गाडी, नाहीतर ठरवलेली रिक्षा, दुसरा मार्ग नाही. लांबून येणाऱ्यांनी रात्री चाळीसगावात मुक्काम करावा. उजाडता उजाडता जंगलाच्या नाक्यावर पाहिजे.

नाक्यावर नोंद करा, जी काही फी असेल ती भरा, पावती घ्या. आणि तिथल्या वनरक्षकांशी दोन मिनिटं नीट बोला, दादा कालपरवा अस्वल कुठल्या बाजूला होतं का, पाणी कुठे आहे, कुठे जायची मनाई आहे. ही माणसं रोज तिथं असतात, त्यांच्या दोन मिनिटांत तुमचा दिवस सुधारतो. आम्ही लोक तिथं गाडीची काचसुद्धा खाली न करता पैसे पुढे करतो, हे बरोबर नाही. अंधार पडायच्या आत बाहेर यायचं, परवानगीशिवाय रात्री थांबायचं नाही, आगपेटी पेटवायची नाही, ड्रोन उडवायचा नाही, गाणी लावायची नाहीत. घरी कुणालातरी सांगून ठेवा की अमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर काय करायचं.

पहिले दोन तास, म्हणजे बसायचं

आता मुख्य गोष्ट. गाडी लावली की सरळ देवळाकडे जाऊ नका, देवी दिवसभर आहे, सकाळ परत येणार नाही. पाऊलवाटेने थोडं आत, नदीच्या पात्राजवळ जा, ही डोंगरी नावाची नदी, हीच पुढे चाळीसगावात तितूरला मिळते. एक मोठं झाड बघा ज्याला पाठ टेकता येईल, समोर जरा मोकळी जागा आणि त्यापलीकडे झुडपं असं पाहिजे. सूर्य पाठीमागे. बसायच्या आधी खाली काठीने आपटून बघा, दगडांच्या फटी बघा, दिसत नसलेल्या जागी हात घालू नका. मग बसा आणि २० मिनिटं घड्याळ लावा.

पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही, पोरं चुळबुळ करतात, करू द्या. तुम्ही आत आलात तेव्हा सगळं जंगल गप्प झालेलं असतं, तुमच्यामुळे. साधारण सातव्या-आठव्या मिनिटाला आधी खार बोलते, मग बुलबुल, मग सातभाईंचा घोळका कलकल करत पाचोळा उपसत अगदी पायापाशी येतो. सातभाई मातकट रंगाचे, नेहमी सहा-सात-आठच्या टोळीत, म्हणून सातभाई. ते आले म्हणजे समजा जंगलाने तुम्हाला झाड मानलं. त्यानंतर कुठून कुठून येतात सगळे, नाचण शेपटीचा पंखा उघडझाक करतो, टकाचोर लांब शेपूट घेऊन फांदीवरून फांदीवर, तांबट ठोक ठोक करत असतो पण दिसत नाही, लांडोर पिल्लं घेऊन निघते. हरियल म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी, हिरवट कबुतर पिवळ्या पायांचं, ते वडा-उंबराच्या शेंड्यावर सकाळच्या उन्हात अंग शेकत बसतं, खाली क्वचितच उतरतं, म्हणून फळं धरलेलं उंबराचं झाड दिसलं की वर बघायचं.

एकदा डिसेंबरात आम्ही असेच बसलो होतो, पोरगी नऊ वर्षांची, कंटाळून माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि समोरून नीलगाईंची जोडी आली, मादी पुढे, मागे मोठं निळसर नर, पाणी प्यायले, नराने आमच्याकडे बघितलं, कान हलवला, परत प्यायला लागला. तीन मिनिटं असतील. पोरीने श्वास धरून ठेवलेला मला कळत होता. नीलगाय तर आपल्या वावरात पण येते, हरभरा खाते, आपण हाकलतो, पण तिला तिच्या घरात बघणं वेगळंच आहे.

आणि आता कान. मोठं जनावर जवळ असलं तर ते दिसण्याआधी ऐकू येतं, म्हणजे त्याचा आवाज नाही, बाकीच्यांचा. वानरांचा टेहळ्या झाडाच्या शेंड्यावर बसलेला असतो, बिबट्या दिसला की तो खोक्... खोक् असा खोकल्यासारखा आवाज काढतो, एकदा नाही, परत परत, आणि एकाच दिशेला बघत राहतो. तो बघतो तिकडे तुम्ही बघा. भेकर असेल तर कुत्र्यासारखं भुंकतं. मोर दचकून ओरडतो. खार शेपटी झटकत एका लयीत चिकचिक करत राहिली तर खाली साप किंवा मांजर असू शकतं. हे आवाज एकटे आले तर फार मनावर घेऊ नका, पण दोन-तीन जण एकदम एकाच बाजूला ओरडायला लागले तर नक्की काहीतरी आहे, जागेवरून उठू नका, पोरांना जवळ घ्या आणि थांबा. मला इतक्या वर्षांत पाटण्याला बिबट्या दिसलेला नाही, आवाज मात्र चार वेळा मिळाला आणि त्या चारही सकाळी मला अजून अख्ख्या आठवतात.

पायाखालचं वाचायचं

बसणं झालं की ऊन चढायच्या आत नदीच्या वाळूत आणि वाटेच्या मऊ धुळीत ठसे शोधायचे, पोरांना हे सगळ्यात आवडतं. ओळखायचं कसं ते सांगतो. ठशात नखांच्या खुणा आहेत का आधी बघा. नखं उमटली असतील तर कुत्रा, कोल्हा, लांडगा किंवा तरस, कारण यांना नखं आत घेता येत नाहीत. नखं नसतील, ठसा गोलसर असेल आणि मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन फुगवटे असतील तर मांजरकुळातलं. बोटाच्या दोन पेरांएवढा असला तर रानमांजर, आणि ७ ते ९ सेंटिमीटर रुंद म्हणजे साधारण आपल्या चार बोटांएवढा असला तर बिबट्या. तरसाचा ठसा मजेशीर, पुढचा पाय मोठा आणि मागचा लहान. अस्वलाचा मागचा ठसा बघून माणूस अनवाणी गेला असं वाटतं, पण पुढे लांब नखांच्या रेघा असतात. दोन खुरांचे टोकदार असले तर भेकर-चिंकारा, मोठे गाईसारखे असले तर नीलगाय किंवा मग गाईचेच, तेव्हा आजूबाजूला शेण बघा.

लेंडी-विष्ठेला नाक मुरडू नका, त्यात सगळी माहिती असते, फक्त हात लावायचा नाही, काडीने बघायचं. नीलगाय एकाच जागी परत परत लेंड्या टाकते, मोठा ढीग होतो. अस्वलाच्या विष्ठेत बोरं, करवंदं, टेंभुर्णी अशा फळांच्या बिया नाहीतर वाळवीची टरफलं, म्हणजे अस्वलाने खाल्लेली फळं पुढे जंगलात पेरली जातात. बिबट्याच्या विष्ठेत केस. वारूळ उकरलेलं, माती चोहीकडे उडालेली दिसली तर ते अस्वलाचं काम, आणि माती अजून ओलसर असेल तर शांतपणे आल्या वाटेने परत फिरा. ठशाशेजारी पेन्सिल ठेवून फोटो काढा, म्हणजे नंतर आकार कळतो.

झाडांचं पण थोडं बघा, विशेषतः अंजन. हे आपल्या खान्देशाच्या बरड जमिनीचं झाड आहे, त्याचं पान म्हणजे दोन पाकळ्या जोडून ठेवल्यासारखं, आपट्याचं चिरलेलं असतं तसं नाही, हे खरंच दोन वेगळे भाग. उन्हाळ्यात कोवळी पानं तांबूस येतात तेव्हा अख्खा डोंगर वेगळाच दिसतो. सालईच्या खोडाची साल कागदासारखी सुटते आणि डिंकाला धुपाचा वास येतो. पळसाला पानं तीन हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण पोरांना मोजायला लावा, मग घरी जाऊन एक पत्रावळ लावून दाखवायला आजीला सांगा.

दुपार, देऊळ आणि वानरं

१० नंतर पक्षी सावलीला जातात, आपण पण जावं. चंडिकादेवीचं देऊळ बघा, दर्शन घ्या, आणि जरा वेळ दगडांवरचं कोरीव काम बघा. आणि पोरांना हे जरूर सांगा की थोर गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी इथे मठ काढला होता, त्याचा शके ११२८ चा शिलालेख याच पाटण्याला सापडला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात जगासमोर आणला. म्हणजे ज्या झाडीत आपण पक्षी मोजतो तिथे आठशे वर्षांपूर्वी पोरं गणित आणि ग्रह-तारे शिकत होती. माझ्या पोरीला यानंतर गणिताची वही जंगलात न्यायची होती, मी नेऊ दिली.

वानरांबद्दल मात्र जरा कडक बोलतो. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर, लाल तोंडाचं ते माकड. इथे दिसतात ती वानरं, त्यांचं खाणं म्हणजे पानं, कोवळे कोंब, शेंगा, फळं, आणि त्यांचं पोट त्याच्यासाठीच बनलेलं आहे. आपण श्रद्धेने बिस्किट, फुटाणे, केळी देतो, आपल्याला वाटतं पुण्य, पण त्यामुळे ती जंगलात खाणं शोधायचं सोडतात, रस्त्यावर येऊन बसतात, गाडीखाली मरतात, आणि माणसाच्या हातावर झडप घालायला शिकतात, मग एखादं लेकरू चावून घेतं आणि नाव वानरांचं खराब होतं. अभयारण्यात जनावराला खायला घालायला मनाई पण आहे. प्रसाद देवीला द्या, माणसाला वाटा. वानर जवळ आलंच तर डोळ्यात डोळे घालू नका, दात दाखवून हसू नका कारण त्याला ते आव्हान वाटतं, बॅग पोटाशी धरा आणि हळू बाजूला व्हा.

अंगात दम असेल आणि मोठी पोरं असतील तर नदीच्या दरीने वर पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जाता येतं, इसवी सनाच्या आधीची बौद्ध लेणी आहेत, एका लेण्याच्या पायथ्याला ओळीने हत्ती कोरलेत ते बघण्यासारखे आहेत. पण नाक्यावर विचारल्याशिवाय आणि वाटेचा माहितगार बरोबर असल्याशिवाय निघू नका, पावसाळ्यात तर नाहीच. लहान लेकरं असली तर दुसऱ्या दिवशी गाडीने कन्नडच्या बाजूने वरून जा, तिकडून पायऱ्यांनी उतरता येतं.

पाण्याचा धोका, हा नीट वाचा

धबधब्याखाली भिजायला सगळ्यांनाच आवडतं. पण ही दरी म्हणजे नरसाळ्याची नळी आहे, नरसाळं वर कन्नडच्या पठारावर. वर पाऊस झाला की ते सगळं पाणी याच दरीतून खाली येतं, खाली तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. ३१ ऑगस्ट २०२१ ला काय झालं आठवा, रात्रभर वर पाऊस झाला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि डोंगरी-तितूरचं पाणी चाळीसगावात घराघरात घुसलं. म्हणून वरच्या अंगाला ढग काळे दिसले तर पात्रात उतरायचं नाही. आणि पात्रात असताना पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या जास्त वाहून यायला लागल्या, किंवा वरून घरघर आवाज यायला लागला, तर सामान उचलत बसू नका, पोरांना उचला आणि काठावर नाही, उंचावर जा. पाणी उतरेपर्यंत पलीकडे अडकलात तर अडकून राहा, कितीही वेळ लागो, पाण्यात पाय घालू नका. पोहता येणाऱ्याने पण नाही.

बाकीचे धोके

अस्वल मुद्दाम अंगावर येत नाही, दचकलं की येतं. म्हणून बसताना गप्प, पण घाणेरीच्या दाट झुडपांतून किंवा मोहाच्या झाडाजवळून चालताना थोडं बोलत, काठी आपटत चालायचं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात तेव्हा पहाटे त्या झाडांखाली जाऊच नका, तो अस्वलाचा पंगतीचा वेळ. समोर आलंच तर पळू नका, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच तर पालथं पडून मान आणि डोकं दोन्ही हातांनी झाका. बिबट्या दिसला तर खाली वाकायचं नाही, लहान पोराला पटकन कडेवर घ्यायचं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून मागे जायचं, बहुतेक वेळा तोच निघून जातो.

फुरसे छोटं असतं, हातभर, मातीच्या रंगाचं, अंगाची वेटोळी घासून करवतीसारखा आवाज करतं. चावलंच कुणाला तर कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका, जडीबुटीत वेळ घालवू नका. अंगठी, कडं, बूट काढा, तो हात किंवा पाय काठी बांधून हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून गाडीत घाला, चावल्याची वेळ लिहून ठेवा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावर प्रतिविषाचं इंजेक्शन हा एकच उपाय आहे. साप मारून बरोबर न्यायची काही गरज नाही. ॲम्बुलन्सला १०८, आणि जंगलातलं जनावर अडकलं, जखमी दिसलं, वणवा दिसला तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६, दोन्ही नंबर निघायच्या आधीच मोबाईलमध्ये टाका.

आग्या मोहळं कड्यांना, उंच झाडांना, लेण्यांच्या कपारीला असतात. धूर, अत्तर, दगड मारणं, मोठा आवाज यांनी ती उठतात. उठली तर तिथंच हात झाडत उभं राहू नका, पंचा तोंडावर घ्या आणि सरळ पळा, थेट गाडीत बसून काचा लावा. पाण्यात उडी मारू नका, वर वाट बघत बसतात. काटे चिमटीत धरून ओढण्यापेक्षा नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून काढा, आणि खूप डंख असतील किंवा श्वास लागत असेल तर दवाखाना.

पाटण्याला जमत नसेल तर

भुसावळ-जळगाववाल्यांनी हिवाळ्यात हतनूर धरण करावं, तापी आणि पूर्णेचं पाणी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी लांबून आलेली बदकं शेकड्याने असतात, तिथे पण तेच, काठावर एक जागा धरून बसायचं आणि बदकं उडवायची नाहीत. धुळ्यावाल्यांना लळिंगचा डोंगर आणि लांडोर बंगल्याची झाडी, नावातच लांडोर आहे. रावेर-यावलकडे पाल आणि यावल अभयारण्य, नंदुरबारकडे तोरणमाळ. या शेवटच्या दोन ठिकाणी एक पक्षी आहे ज्याचा आपल्याला अभिमान पाहिजे, रानपिंगळा. शंभरहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता, जगाने धरलं होतं की संपला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तो आपल्या शहाद्याजवळ सापडला. साधा पिंगळा गावात पण असतो, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ दिसतच नाहीत, आणि तो भर दिवसा शिकार करतो. दिसला तर लांबूनच बघा, जागा चारचौघांत जाहीर करत फिरू नका, गर्दी झाली की तो जागा सोडेल.

परत निघताना

४ ते साडेपाच परत एकदा सकाळच्याच झाडाखाली बसा, नवीन जागा शोधू नका, तीच जागा संध्याकाळी वेगळी असते. मोर झाडावर झोपायला चढतात ते बघा, आधी मान वर करून दहादा विचार करतात मग एकदम फडफडून उडी. मग उठा, बसल्या जागेचा कचरा उचला, दुसऱ्या कुणाचा पडलेला असला तर तो पण उचला, आणि अंधाराच्या आत नाका ओलांडा. परतीच्या रस्त्यावर गाडी ३०-४० च्या वर नको, तिन्हीसांजेला नीलगाय आणि ससे रस्ता ओलांडतात, एक नीलगाय गेली की मागे दुसरी असतेच, थांबून तिला जाऊ द्या.

घरी गेल्यावर पोरांना लगेच झोपवू नका. सगळ्यांचे कपडे बाहेरच झटका, कुसळं काढा, कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड चिकटलीय का ते टॉर्चने बघा, दिसली तर चिमट्याने कातडीला लागून पकडून सरळ वर ओढा, तेल-मीठ लावत बसू नका. बूट पालथे करून ठेवा. आणि वही उघडून प्रत्येकाला काय काय दिसलं ते तारीख टाकून लिहायला सांगा, नाव माहीत नसलं तर रंग, आकार आणि तो काय करत होता एवढं लिहिलं तरी चालतं, आमच्या वहीत अजून एक "शेपूट हलवणारा चिडका" आहे, त्याचं नाव पुढच्या खेपेला शोधायचंय.